शॉवरच्या पडद्यावरचा गुलाबी थर: बुरशी आहे का?

प्रश्न: पडद्याच्या खालच्या काठाला आणि फरशीच्या सांध्यांत गुलाबी, बुळबुळीत थर धरतो. घासला की जातो, आठवड्यात परत हजर. का?

उत्तर: बुरशी नव्हे, बॅक्टेरिया. बहुधा सेराशिया मार्सेसेन्स. मिथायलोबॅक्टेरियमही असाच गुलाबी दिसतो, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. सेराशियाचा रंग प्रोडिजिओसिन या रंगद्रव्याचा: २५ ते ३० अंश सेल्सिअसला भरपूर बनतं, ३७ ला जवळपास नाहीच. साबण-शाम्पूचा राप हे त्याचं खाद्य.

प्रश्न: मग काढायचा कसा? ब्लीच ओतलं तर पुरे?

उत्तर: नुसतं ब्लीच ओतू नका, चिकट थरात ते खोलवर पोचत नाही. आधी डिटर्जंटने खरवडून धुवा. मग १ भाग घरगुती ब्लीच, ९ भाग पाणी. १० मिनिटं ओलं ठेवा, धुवा, पुसून कोरडं करा. ओल राहिली की तो परत येणारच.

प्रश्न: सोबत व्हिनेगर चालेल?

उत्तर: अजिबात नाही! क्लोरीन वायू सुटतो. आणि काँटॅक्ट लेन्सची डबी नळाच्या पाण्याने विसळू नका. सेराशियामुळे बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.