कुपवाड एमआयडीसी: आठवड्याचं प्रॉडक्शन एक्सेल सॉल्व्हरवर कसं बसवावं?

कुपवाड_शॉप
छोटं मशीन शॉप आहे. निव्वळ चालणारा वेळ (८० टक्के धरून) आठवड्याला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) ९२०० मिनिटं, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) ४६००, ग्राइंडर २३००. जॉब तीन:

फ्लँज: सीएनसी ६ मिनिटं, व्हीएमसी ५. नगाला सुटतात ४२ रुपये. मागणी ८०० पर्यंत.
शाफ्ट: सीएनसी ९, व्हीएमसी २, ग्राइंडिंग ४. ६० रुपये. मागणी ६०० पर्यंत.
बुश: सीएनसी ४, ग्राइंडिंग २. २२ रुपये. २०० द्यावेच लागतात, १००० पर्यंत खपतात.

कोणता किती करावा? आणि व्हीएमसी कायम फुल असतं, त्यावर ओव्हरटाइम लावू का?

हिशोबी_वही
आधी ते ४२ रुपये तपासा. विक्री दरातून मटेरियल, इन्सर्ट (कापणारी बदलती टिप), बाहेरचं प्लेटिंग एवढंच वजा करा, भंगाराचे पैसे मिळवा. भाडं, हप्ता, पगार यात घालू नका. ते काहीही बनवलं तरी तेवढेच जाणार. रिजेक्शन ३ टक्के असेल तर सायकल टाइमला ०.९७ ने भागा.

सॉल्व्हर (अटी पाळून सर्वात जास्त नफ्याचे आकडे शोधणारं एक्सेलचं साधन) दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जाऊन टिक करा. मग डेटा टॅबमध्ये येतो. तीन सेल नगांचे, ते रिकामे ठेवा. प्रत्येक मशीनसमोर नग आणि मिनिटं यांचं सम-प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज), शेजारी उपलब्ध मिनिटं. नफ्याचंही सम-प्रॉडक्ट, तोच सेल मॅक्स. पद्धत सिंप्लेक्स एलपी (सरळ गुणाकार-बेरजेच्या हिशोबाची) निवडा, आधीपासून असलेली जीआरजी नको. नगांवर चालणारं इफ किंवा राउंड सूत्रात घुसलं की सॉल्व्हर लिनिॲरिटीची (हिशोब सरळ गुणाकार-बेरजेचा नसल्याची) तक्रार करून थांबतो. ‘जास्त नग, कमी दर’ असा स्लॅबही सरळ बसत नाही.

मिरज_टूलरूम
तुमचे आकडे घालून उत्तर: फ्लँज ७४५.४५, शाफ्ट ४३६.३६, बुश २००. नफा ६१,८९१. खाली उतरवून ७४५ आणि ४३६ घेतले तरी ६१,८५० येतात, एवढ्यासाठी इंटिजरची (पूर्ण नगाची) अट कशाला? ती लावली की सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मिळत नाही, आणि खरा माल त्या रिपोर्टातच आहे.

त्यात शॅडो प्राइस (मशीनचं एक मिनिट जादा मिळालं तर नफा किती वाढेल ते) बघा. सीएनसी ६.५५ रुपये मिनिटाला, म्हणजे तासाला साधारण ३९३. व्हीएमसी ०.५५, तासाला ३३. ग्राइंडर शून्य, तिथे १५५ मिनिटं उरतात. व्हीएमसी फुल दिसतं हे खरं, पण तिथे जादा तास लावून चहाचे पैसे सुटतील. ओव्हरटाइम लावायचा तर सीएनसीवर. ३९३ मधून जादा तासाची मजुरी (कायद्याने दुप्पट दर) आणि लाइट वजा करून बघा.

तोही सव्वाचार तासच. रिपोर्टात ‘अलाउएबल इन्क्रीज’ (ही किंमत आणखी किती मिनिटांपर्यंत टिकते ते) २५५ मिनिटं येईल. त्यापुढे ग्राइंडर भरतो आणि सीएनसीच्या तासाची किंमत ३४ रुपयांवर येते. अख्खी रविवारची शिफ्ट लावाल तर फसाल.

बुशच्या ओळीत उणे ४.१८ दिसेल. २०० च्या वर प्रत्येक बुशमागे तेवढा तोटा. पार्टीला दर २२ ऐवजी २६.१८ सुटेल असा वाढवून मागा, नाहीतर २०० वर थांबा.

कुपवाड_शॉप
सेटअप कुठे धरायचा? सीएनसीवर जॉब बदलला की ४५ मिनिटं जातात.

हिशोबी_वही
तिन्ही जॉब दर आठवड्याला एकेकदा लागतातच, तर ९२०० मधून सरळ १३५ वजा करा. एखादा जॉब त्या आठवड्यात घ्यायचाच की नाही असा प्रश्न असेल तेव्हा त्याला शून्य-एकचा सेल द्या, बायनरी अट लावा, सीएनसीच्या बेरजेत ४५ गुणिले तो सेल मिळवा आणि ‘फ्लँज ८०० गुणिले तो सेल यापेक्षा जास्त नको’ अशी अट घाला. ८०० च्या जागी उगाच दहा लाख टाकू नका; सेल ०.०००८ इतका वर सरकला तरी अट पुरी होते, आणि सॉल्व्हरने त्याला शून्य धरलं तर सेटअप फुकटात जातो. ऑप्शन्समध्ये ‘इग्नोर इंटिजर’वर टिक नाही ना तेही बघा, आणि इंटिजर ऑप्टिमॅलिटी (सर्वोत्तम उत्तरापासून किती फरक चालेल ते) १ टक्क्यावरून ० करा.