हळद वायदा: पावसाने ओढ दिली तरी कधी भाव पळतो, कधी हलतही नाही. असं का?

शिरोळ_हळद

नमस्कार मंडळी. हळद शिरोळ तालुक्यात, काढणी फेब्रुवारी-मार्चला, सुकी हळद साधारण ७० क्विंटल, विक्री सांगलीला. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवरचा वायदा (पुढच्या महिन्यात द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव) मोबाईलवर रोज दिसतो, पण त्याचा आणि पावसाचा मेळ लागत नाही. एखाद्या वर्षी पावसाने दोन आठवडे दडी मारली की वायदा पळत सुटतो, एखाद्या वर्षी निम्मा जुलै कोरडा गेला तरी जागचा हलत नाही. कृष्णा-पंचगंगेला पूर येऊन आपली रानं पाण्याखाली जातात, त्याची तर दखलच नाही. दोन प्रश्न आहेत. पावसाबरोबर आणखी काय बघायचं? आणि पीक रानात असताना वायद्यात बरा भाव दिसला तर तो धरून ठेवायची रीत काय?

शाहू_यार्ड

दादा, पावसाआधी साठा बघा. सगळी गोम तिथंच आहे.

समजा देशाला वर्षाला १०० पोती हळद लागते आणि पावसामुळे यंदा ९२ च येणार. गोदामात जुनी ४० पोती असतील तर ८ ची तूट सहज भरून निघते, वर्षअखेर ३२ उरतात, भाव फार तर थोडा कडक होईल. जुनी १० च असतील तर वर्षअखेर उरतात २, म्हणजे जेमतेम आठवड्याची गरज. पाऊस तोच, तूट तीच. पण दुसऱ्या वेळी ज्याच्याकडे माल आहे तो हात आखडता घेतो आणि ज्याला माल हवा तो मिळेल त्या भावाने उचलतो. त्यात हळद महागली म्हणून कुणी आमटीत घालायची बंद करत नाही. त्यामुळे वापर थोडासा कमी व्हायलाही भाव बराच वर जावा लागतो.

२०२३ चं बघा. एप्रिलमध्ये सात हजारांच्या आसपास असलेला वायदा ऑगस्टमध्ये क्विंटलला सोळा हजारांच्या वर होता. आधी बरीच वर्षं भाव पडलेले, म्हणून लागवड घटलेली. जूनमध्ये मान्सून उशिरा आला. मग ऑगस्टमध्ये देशात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या पावसाचं पीक बाजारात येणार होतं २०२४ ला, तरी भाव २०२३ लाच चढला. पुढं माल कमी येणार हे दिसलं की आजचा माल धरला जातो, म्हणून उद्याची तूट आजच्या भावात उतरते.

साठा घरबसल्या ओळखायची एक खूण आहे. जवळच्या आणि लांबच्या महिन्याचा वायदा शेजारी ठेवा. माल मुबलक असेल तर लांबचा महिना महाग असतो, कारण त्यात गोदामभाडं, व्याज, विमा आणि वजनातली घट धरलेली असते. जवळचाच महिना महाग झाला तर समजा की माल आत्ता हवा आहे आणि मिळत नाही. मात्र ही तुलना एकाच पिकातल्या महिन्यांची करा. डिसेंबर जुन्या पिकाचा, एप्रिल नव्या पिकाचा. त्या दोघांतला फरक नव्या पिकाबद्दलचा अंदाज सांगतो, साठवणखर्च नाही.

पुराचं म्हणाल तर राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आपल्याकडं हाहाकार होतो, पण वायदा सगळ्या देशाचा माल मोजतो. हिंगोली, वसमत, नांदेड आणि तेलंगणातल्या निजामाबाद पट्ट्यात पीक चांगलं उभं असेल तर इथलं नुकसान त्यात विरून जातं. नुकसान आपलं, भाव मात्र देशाचा. हे कठोर आहे, पण धरून चालावं लागतं.

कंद_हातकणंगले

वरच्या उत्तरात भर घालतो, कारण पाऊस 'किती' याच्याइतकंच 'कधी' हेही महत्त्वाचं आहे.

अक्षय तृतीयेपासून जूनपर्यंत लागण. या काळात पाऊस लांबला तर पाण्याची सोय नसलेल्या भागात लागणच कमी होते, आणि क्षेत्र घटल्याची बातमी वायद्याला सगळ्यात लवकर लागते. जुलैची उघडीप उगवून आलेली हळद बऱ्यापैकी सोसते, खाली ठिबक असेल तर आणखीच. म्हणून कोरड्या जुलैत वायदा शांत राहू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धोका उलटा असतो: सरीत पाणी साचून राहिलं की कंदकूज लागते, कंदमाशी वाढते. वरून पाला हिरवा दिसतो आणि खाली गड्डा सडलेला असतो, त्यामुळे हे नुकसान बाजाराला उशिरा कळतं, कधी थेट काढणीला. ऑक्टोबर ते डिसेंबर कंद पोसतो. पुढं शिजवणी आणि वाळवणीच्या दिवसांत अवकाळी आला तर माल नाहीसा होत नाही, पण हळकुंडाचा रंग मरतो, बुरशी येते. अशा वर्षी आवक भरपूर दिसते, तरी वायद्याच्या प्रतीत बसणारा माल कमी पडतो. मग जवळचा महिना कडक आणि हलका माल मात्र पडेल भावात, असं चित्र एकाच यार्डात दिसतं.

हवामान खात्याचा देशाचा आकडा हळदीसाठी फार कामाचा नाही. दर आठवड्याचा उपविभागवार तक्ता उघडा, त्यात मराठवाडा आणि तेलंगणा बघा, आणि ईशान्य मान्सूनच्या दिवसांत इरोडच्या हळद पट्ट्यासाठी तमिळनाडू. एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने आपला पाऊस कमी होण्याची भीती असते) ऐकून घाईने सौदा करू नका. १९९७ ला जोरदार एल निनो होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. आणि अंदाज जाहीर झाला त्या दिवशी भाव हलला नाही तर नवल मानू नका. बाजाराने तो आधीच धरलेला असतो. भाव हलतो तो अपेक्षेपेक्षा वेगळं काही घडलं तर.

दोआब_करवीर

ऊस आणि सोयाबीनवाल्यांनी हे गणित जसंच्या तसं लावू नये, म्हणून थोडक्यात.

उसाचं पीक १२ ते १८ महिन्यांचं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोंबात, पाणी गेलेला ऊस त्याच हंगामात मार खातो, पण दुष्काळाने आडसाली आणि पूर्वहंगामी लागणी हुकल्या तर साखर पुढच्या गाळपात घटते. जगाचा भाव न्यूयॉर्कच्या कच्च्या साखरेच्या वायद्यावर ठरतो, तोही ब्राझीलच्या पावसावर आणि तिथले कारखाने साखर किती, इथेनॉल किती काढतात त्यावर. सेंट प्रति पौंड गुणिले २२.०५ केलं की डॉलर प्रति टन निघतात. आपल्याकडं मधे निर्यातबंधनं आणि साखरेचा किमान विक्री दर आहे, त्यामुळे तिथली तेजी कोल्हापूरच्या कारखान्यापर्यंत पूर्ण पोचत नाही.

सोयाबीनचे वायदे बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले आणि नंतर मुदत वाढवत नेली. शिकागोचा भाव बघताना डॉलर प्रति बुशेल गुणिले ३६.७४ करा, टनाचा भाव येतो. तिथं शेंग भरते ऑगस्टमध्ये, म्हणून त्या महिन्यातली उघडीप तिथल्या वायद्याला जबर लागते. पण आपलं सोयाबीन पावसाने खराब झालं तरी भाव चढेलच असं नाही: दाण्यातून तेल निघतं १८ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला उठाव नसेल आणि आयात तेल स्वस्त असेल तर तूट असूनही भाव दबतो.

शिरोळ_हळद

मोलाची माहिती, आभार सगळ्यांचे. आता भाव धरून ठेवायचं सांगा. ७० क्विंटलला किती लॉट? आणि सांगलीचा भाव वायद्याशी जुळत नाही, त्याचं काय करायचं?

वायदा_टेबल

हळदीचा लॉट, म्हणजे वायद्यात एका सौद्याचा लहानात लहान माल, ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. तुमच्या ७० क्विंटलवर एकच लॉट विका, २० मोकळे ठेवा. दोन लॉट विकले तर ३० क्विंटल नसलेला माल विकल्यासारखं होईल, ती सट्टेबाजी झाली. आणि तो एक लॉटही जुलैत नको. कंदकुजीचे महिने सरून पिकाचा अंदाज पक्का झाला की मगच. महिना निवडताना मे किंवा पुढचा घ्या, शिजवणी-वाळवणी उरकून माल हातात येईल असा. लांबच्या महिन्यात उलाढाल कमी असते, म्हणून सौदा भाव टाकूनच करा, 'मिळेल त्या भावात' नको.

खरी अडचण पैशाची येते. मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी ठेवायची अनामत, सुरुवातीला लागतंच, शिवाय रोजचा फरक रोज भरावा लागतो. समजा १४,००० ला विकलं आणि मध्येच पावसाच्या बातमीने वायदा १५,५०० झाला: १,५०० गुणिले ५०, म्हणजे ७५,००० रुपये भरायचे, आणि हळद अजून जमिनीत. हा तोटा पुढं माल महाग विकून भरून निघतो, पण तो पैसा मार्चनंतर येणार. हाताशी रोख नसेल तर दलाल सौदा कापतो आणि नेमक्या वरच्या भावात तुम्ही बाहेर पडता. मार्जिनशिवाय किमान लाखभर रुपये बाजूला काढता येत नसतील तर हा मार्ग धरू नका.

बाहेर पडायचं असं: सांगलीत लिलावात माल विकला की त्याच दिवशी वायद्यातला लॉट परत खरेदी करून सौदा मिटवा; भाव पडला असेल तर लिलावातली तूट इथल्या नफ्याने भरते. मुदत त्या महिन्याच्या २० तारखेला संपते आणि डिलिव्हरी सक्तीची आहे, म्हणून तो महिना लागण्याआधीच मोकळं व्हा.

आता फरकाचं. कराराचं मूळ केंद्र निजामाबाद आहे, तुमचा माल सांगलीचा, राजापुरी जातीचा. जात, प्रत, वाहतूक यामुळे दोन्ही भाव एक नसणारच. वायद्याने फक्त बाजाराची चढउतार झाकली जाते, हा फरक उघडाच राहतो. मागच्या तीन हंगामांतले फेब्रुवारी ते मेचे सांगलीचे लिलावभाव आणि त्याच दिवसांचा वायदा वहीत शेजारी लिहा, वजाबाकी करा. त्यातला सगळ्यात वाईट फरक विक्रीच्या वायदेभावातून वजा केल्यावर जो आकडा उरेल, तो तुमच्या खर्चाच्या वर असेल तरच लॉट विका.