मदत हवी आहे: ‘बॉर्डर’ दाखवताना मुलांना खरं काय सांगू?
१६ डिसेंबरला, विजय दिवशी, सोलापुरात आमच्या पेठेतल्या नववी-दहावीच्या मुलांना ‘बॉर्डर’ (१९९७) दाखवतोय. नंतर अर्धा तास गप्पा. चित्रपट मुलांनीच निवडलाय, तो बदलणार नाही. पण त्यात भैरोसिंग शहीद होतात. सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंग राठोड १९७१च्या युद्धात राजस्थानातल्या लोंगेवाला ठाण्यावरच्या लढाईतून जिवंत परतले, २०२२ साली वारले. हयात माणसाला पडद्यावर मारलं, हे मला फार खुपतं. त्या लढाईत सकाळी जैसलमेरहून आलेल्या आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले, ते इंग्रजीत वाचलं. इथल्या दोन वाचनालयांत मराठीत काही मिळालं नाही. मुलांचा अभिमान मोडायचा नाही, खोटंही सांगायचं नाही. विमानं येईपर्यंत रात्रभर पायदळाने ठाणं कसं राखलं, हे नीट सांगणारं मराठी किंवा सोपं हिंदी पुस्तक कोणतं?