पहिला टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम लिहिताय? मग पार्सर स्वतःच लिहा (असहमतांचं स्वागत)

टोलारखिंड

पोटापाण्यासाठी गेली सतरा वर्षं जावा लिहितोय. व्याजाची गणितं, रात्रीच्या बॅचेस, ऑडिटरचे प्रश्न. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं की एक तरी प्रोग्राम असा लिहायचा ज्याची कोणालाच गरज नाही. म्हणून टेक्स्ट ॲडव्हेंचर. ज्यांनी कधी खेळला नसेल त्यांच्यासाठी: चित्र नाही, आवाज नाही. स्क्रीनवर येतं ‘समोर गुहा आहे, आत अंधार’. तुम्ही टाईप करायचं ‘कंदील पेटव’. मग पुढचं दिसतं. बस्स.

माझा गेम हरिश्चंद्रगडावर आहे आणि अर्थातच मराठीत. टोलार खिंडीतून सुरुवात, मग देवळाचं आवार, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा, शेवट कोकणकड्यावर. एकूण चौदा खोल्या. (या प्रकारात प्रत्येक जागेला ‘खोली’च म्हणतात. ‘कोकणकडा ही खोली’ असं लिहिताना माझाही हात अडखळला.)

माझं मत असं: पहिल्यांदा असा गेम करणाऱ्याने ट्वाइन, इन्फॉर्म वगैरे तयार साधनांच्या वाटेला जाऊ नये. पायथन ही साधी प्रोग्रामिंग भाषा घ्यावी आणि पार्सर, म्हणजे खेळणाऱ्याचं वाक्य फोडून अर्थ लावणारा भाग, स्वतः लिहावा.

या प्रकाराची सुरुवातच तशी झाली. विल क्राउदर हा आर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, काम करणारा प्रोग्रामर. सुट्टीत केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या भुयारांत उतरायचा, नकाशे करायचा. घटस्फोटानंतर मुलींना खेळायला म्हणून त्याने १९७५-७६च्या सुमारास फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत ‘ॲडव्हेंचर’ लिहिला. कोड सुमारे ७०० ओळी, वर डेटा जवळपास तेवढाच. गुहा पायाखालची होती, मशीन कामावरचं होतं, आणि डोक्यात एक नकाशा होता. माझ्याकडे गड आहे आणि जुना लॅपटॉप आहे.

मराठीचा पार्सर लिहिताना जे कळतं ते तयार साधनात कधीच कळणार नाही. पहिल्याच संध्याकाळची गोष्ट. वाक्यातले शब्द वेगळे करायला रेग्युलर एक्स्प्रेशन (थोडक्यात रेजेक्स, मजकुरात ठरावीक साचा शोधायची सोय) वापरलं, ‘बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस’, सगळे वापरतात तेच. ‘किल्ली’ दिली. परत काय आलं? क, ल, ल. पायथनच्या लेखी वेलांटी आणि हलन्त हे ‘शब्दातलं अक्षर’ नाहीत, त्यामुळे शब्दाचे तिथेच तुकडे. गंमत म्हणजे हेच पायथन ‘किल्ली’ हे व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनतक्रार घेतं! शेवटी रेजेक्स फेकून दिलं आणि वाक्य सरळ स्पेसवर तोडलं. एका ओळीचं काम, पण त्या ओळीपर्यंत पोचायला रात्रीचा दीड वाजला. मजा आली.

---

आळशी_कोडर

मजा आली हे मान्य. गेम कुठाय?

दिवाळी होऊन तीन महिने झाले. चौदा खोल्या आहेत म्हणताय. कोडी किती? सोडवून शेवटपर्यंत जाता येतं का? मला वाटतं उत्तर ‘नाही’ आहे, कारण मीही याच रस्त्याने गेलोय. माझ्या हार्ड डिस्कवर ‘वाडा’ नावाचा फोल्डर आहे. त्यात अप्रतिम पार्सर आहे आणि एक ओसरी आहे. ओसरीच्या पुढे वाडाच नाही. यालाच आपल्याकडे नमनाला घडाभर तेल म्हणतात.

क्राउदरचा दाखला तर तुमच्याच अंगाशी येतो. त्याने स्वतः लिहिला कारण दुसरा पर्यायच नव्हता. आणि त्याचा गेम मुख्यतः गुहेचा फेरफटका होता. १९७७ मध्ये स्टॅनफर्डमधल्या डॉन वुड्सने तो हातात घेतला, खजिने आणि कोडी वाढवली, तेव्हा लोक त्यात रात्र रात्र अडकायला लागले. पुढे एमआयटीतल्या चौघांनी ‘झॉर्क’ लिहिला. तो घरगुती कॉम्प्युटरात मावेना, तेव्हा तो विकणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने काय केलं? झेड-मशीन नावाचं काल्पनिक यंत्र बनवलं. गेम एकदा त्याच्यासाठी लिहायचा आणि प्रत्येक कॉम्प्युटरसाठी फक्त ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम करायचा. म्हणजे ज्यांनी हा धंदा उभा केला त्यांनीही दर वेळी चूल मांडत बसायचं नाकारलं.

---

टोलारखिंड

@आळशी_कोडर, कोडी तीन आहेत. त्यातलं एक सुटतं.

पण इन्फोकॉमने चूल बांधली ती आधी एकदा स्वतः स्वयंपाक केल्यावर. मी पहिल्या गेमबद्दलच बोलतोय. दुसरा खुशाल साधनात करा.

---

फोरट्रानआजोबा

वाचतोय. जुना माणूस असल्याने एक युक्ती सुचवतो. क्राउदरचा गेम शब्दाची पहिली पाचच अक्षरं ताडून बघायचा. त्याच्या पीडीपी-१० या कॉम्प्युटरचा मेमरी वर्ड, म्हणजे मेमरीचा एक कप्पा, ३६ बिटांचा, त्यात सात बिटांची पाच अक्षरं बसत. इन्फोकॉमचे सुरुवातीचे गेमही सहाच अक्षरं ओळखायचे. तसं करा. विभक्तीचे प्रत्यय शेवटी लागतात, ते आपोआप गळून पडतील.

---

टोलारखिंड

आजोबा, करून पाहिलं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, काना-मात्रा स्वतंत्र मोजतात. ‘किल्ली’ म्हणजे क, वेलांटी, ल, हलन्त, ल, वेलांटी, असे सहा. पहिले पाच ठेवले तर ‘किल्ली’ आणि ‘किल्ला’ एकच.

देवळाच्या आवारात ‘किल्ला उचल’ टाकलं. गेम म्हणाला, ‘उचलली.’

---

फोरट्रानआजोबा

😂 माघार.

---

आळशी_कोडर

हे बघा, विनोद चांगला आहे, पण माझा मुद्दा हाच आहे. असे पन्नास खड्डे आहेत. विहीर पण विहिरीत, कुलूप पण कुलपाला, पाणी पण पाण्यात. तुम्ही सामान्यरूपाचं व्याकरण कोडात बसवायला निघालात ना? खरं सांगा.

---

टोलारखिंड

निघालो होतो. ह्रस्व-दीर्घाचा नियम लिहिला, प्रत्यय तोडायचा नियम लिहिला. मग ‘त’ हा प्रत्यय तोडताना ‘हात’चा ‘हा’ झाला. तिथे तीन रविवार गेले.

आता प्रत्येक वस्तूपुढे हातानेच लिहितो: नाव कुलूप, सामान्यरूप कुलपा, लिंग नपुंसक. वस्तू बावीस, ओळी बावीस. अर्ध्या तासाचं काम होतं.

---

आळशी_कोडर

अर्ध्या तासासाठी तीन रविवार. माझी केस संपली, मिलॉर्ड.

---

मावशी_टेस्टर

दोघेही कोडवर भांडताय, जरा गेमकडे बघा. धागाकर्त्याने मला व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) खेळायला पाठवला होता. पहिलंच वाक्य: ‘तू टोलार खिंडीत उभा आहेस.’

मी उभी आहे.

इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. आपल्याकडे क्रियापद लगेच चोंबडेपणा करतं. ‘तुम्ही उभे आहात’ केलं तरी तेच, फक्त आदराने. आणि दर वेळी ‘उभा/उभी’ असली तिरकी रेघ मारली तर तो गेम न राहता सरकारी फॉर्म होतो. सुरुवातीला खेळणाऱ्याला विचारता येईल, पण मग प्रत्येक वाक्य दोनदा लिहा.

उपाय तुमच्या ट्रेकच्या वह्यांतच आहे. तिथे आपण कसं लिहितो? ‘पुढे खिंड लागते. डावीकडे पाण्याचं टाकं लागतं.’ त्यात कोणी उभा नाही, कोणी उभी नाही. वाटच सगळं करते. तशी लिहा वर्णनं.

हे इन्फॉर्म देणार नाही आणि पायथनही देणार नाही. तेव्हा साधन कुठलं हा वाद मला जरा फुकाचा वाटतो.

---

टोलारखिंड

मावशी, हे सोन्यासारखं आहे. आज रात्री चौदाही वर्णनं बदलतो. ‘उचलला, उचलली, उचललं’साठी लिंग साठवलं आणि खेळणाऱ्यालाच विसरलो.

---

पुणेरी_पगडी

मी आयुष्यात अनोळखी यंत्राला अरे-तुरे केलेलं नाही. ‘कंदील घ्या’ असं सभ्यपणे टाईप केलं तर ‘समजलं नाही’ असं उत्तर आलं. निषेध.

---

फोनवरून

माझा विरोध वेगळा आहे. तुमचा गेम खेळणार कोण? लोक फोनवर असतात. फोनवर देवनागरीत ‘पेटीचं कुलूप किल्लीने उघड’ टाईप करणं ही शिक्षा आहे. बहुतेक लोक रोमनमध्ये टाईप करणार, आणि रोमनमध्ये कंदीलचीच चार स्पेलिंगं होतील. ती सगळी लिहिणार आहात?

ट्वाइन २००९ पासून आहे, ख्रिस क्लिमसने बनवलेलं, फुकट. वाक्य लिहा, दोन-तीन पर्याय द्या, बोटाने दाबा. मराठी छान दिसते, ब्राउझरात चालतं. माझ्या बहिणीने, जिला प्रोग्रामिंग येत नाही, एका शनिवार-रविवारात आजीच्या गावच्या जत्रेवर गेम केला आणि घरातल्या अकरा जणांनी तो शेवटपर्यंत खेळला. अकरा!

---

टोलारखिंड

@फोनवरून, अकरा जणांबद्दल असूया वाटते, खोटं बोलत नाही.

पण पर्याय दिसले की कोडं उरतच नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतकं गार पाणी, मधोमध पिंड, चार खांबांतला एकच शाबूत. तिथे ‘पाण्यात उतर’ हा पर्याय समोर लिहिलेला असेल तर कोणीही दाबेल. तो स्वतःला सुचून टाईप करावा लागतो तेव्हा खऱ्या गुहेच्या तोंडाशी जी चलबिचल होते ती थोडी तरी होते. मला तेवढंच हवंय.

---

मावशी_टेस्टर

तेच वाक्य मी टाईप केलं होतं. ‘पाण्यात उतर.’ तुमच्या गेमने मला देवळाच्या आवारात नेऊन ठेवलं.

---

टोलारखिंड

काय??

---

टोलारखिंड

सापडलं. टायपिंगच्या चुका माफ करायच्या म्हणून दोन अक्षरांपर्यंतचा फरक चालवून घेत होतो. ‘उतर’ हे क्रियापद मी यादीत घालायलाच विसरलो होतो, त्यामुळे त्याने ते ‘उत्तर’ धरलं. माझ्या नकाशात गुहेच्या उत्तरेला आवार आहे.

दिशांनी एकंदर छळ मांडलाय. इंग्रजी गेममध्ये एका अक्षरात दिशा देता येते. मी ‘उ’ ठेवला उत्तरेला. मग उचल, उघड, उतर, उडी, सगळे ‘उ’वर हक्क सांगायला आले. दक्षिणेच्या ‘द’वर ‘दे’ बसलाय.

---

आळशी_कोडर

दोन अक्षरांचा फरक माफ करणारा पार्सर, आणि एकच सुटणारं कोडं.

ऐका, मनापासून सांगतो. अशाच टेक्स्ट गेम्सची आयएफकॉम्प नावाची स्पर्धा १९९५ पासून दर वर्षी होते. तिथे परीक्षक पहिल्या दोन तासांच्या खेळावरच गुण देतात. म्हणजे जगातले या प्रकाराचे वेडे लोकसुद्धा दोन तासांचा गेम पुरेसा मानतात. तुम्ही चौदा खोल्या सोडा. चार ठेवा: खिंड, आवार, गुहा, कडा. एक कंदील, एक कोडं. पार्सर तुमचाच ठेवा, हट्ट असेल तर. पण पुढच्या रविवारी संपवा.

---

टोलारखिंड

बालेकिल्ला काढू? तिथली पेटी काढू? पेटीचं कुलूप काढलं तर ते सामान्यरूप कशासाठी केलं मी?

---

आळशी_कोडर

🙏

---

सगळं_एआयला_सांगा

एवढी मारामारी कशाला? खेळणाऱ्याचं वाक्य थेट एआय मॉडेलला द्या. ‘घे’, ‘घ्या’, रोमन, चुकीचं शुद्धलेखन, सगळं कळतं त्याला.

---

फोरट्रानआजोबा

कळतं खरं. पण नुसतं वाक्य समजून घेण्यापुरतंच त्याला ठेवा, कुलूप उघडायचा अधिकार देऊ नका. माझ्या नातवाने असाच एक गेम केला. त्यात मी दाराला ‘फार थंडी वाजतेय हो’ म्हटलं तर दार उघडलं.

---

टोलारखिंड

अद्ययावत: बदल केले. ‘घे’ आणि ‘घ्या’ दोन्ही चालतात (पगडीसाहेब, क्षमस्व). ‘उ’ आता कोणाचाच नाही, अख्खं ‘उत्तर’ लिहा. चुका माफ करणं बंद. खोल्या पाच केल्या. चार नाही, बालेकिल्ला ठेवलाय. पेटीही आहे. कोडी तीनाची दोन केली, दोन्ही सुटतात, मी आणि भाच्याने तपासलंय. मावशी, पुन्हा पाठवतोय.

---

मावशी_टेस्टर

मिळाला. ‘पुढे गुहा लागते. पाणी कमरेइतकं, काळं, हलत नाही.’ हे छान झालंय. ‘पाण्यात उतर’ टाकलं, उतरले. मग ‘पोह’ टाकलं. ‘समजलं नाही.’ ‘प्रदक्षिणा घाल’ टाकलं. ‘समजलं नाही.’ ‘बाहेर ये’ टाकलं. तेही नाही समजलं.

मी अजून पाण्यात आहे.