वासराची शिंगं डागताना सुन्न करायचं इंजेक्शन: गरज की नुसती थेरं?

सांवेर_गोठा
आमचा गोठा इंदूरच्या सांवेर रोडला, बारा होल्स्टीन क्रॉस गाई, शेड मोकळं आहे म्हणजे गुरं बांधलेली नसतात, त्यामुळे शिंगं ठेवून चालत नाही, मागच्या वर्षी एकीने दुसरीची कास फाडली होती. तेव्हा वासराच्या शिंगांचे कोंब डागायचे की नाही, म्हणजे शिंगं फुटायच्या आधीच जाळायची की नाही, हा माझा प्रश्नच नाही. सुन्न न करता डागायचे का, एवढंच विचारतेय. आणि माझं उत्तर आहे, नाही.

परवा शेजारच्या गोठ्यात होते. तीन आठवड्यांची कालवड, दोघांनी दाबून धरली, तापलेलं लोखंड कोंबावर टेकवलं, केस जळाल्याचा वास आला, ती फारशी ओरडली नाही. सगळे म्हणाले बघा, काही झालं नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथेच होते. ती सारखी कान झटकत होती, डोकं हलवत होती, मागचा पाय उचलून कानापर्यंत न्यायची आणि टेकायच्या आधीच मागे घ्यायची. बाटली तोंडाशी धरली तर दूध प्यायली, म्हणून सगळे निर्धास्त. अहो, दुखतंय हे दाखवलं की वाघ-लांडगा आधी त्यालाच धरणार, अशी गुरांची जात, ती हंबरून कशाला सांगेल?

आमचे डॉक्टर काय करतात ते सांगते. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या बुडापर्यंत बोट फिरवलं की हाडाची एक कड लागते, तिच्या खालून शिंगाची नस जाते. तिथे २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे सुन्न करायचं औषध, एका बाजूला साधारण ५ मिली. मग दहा मिनिटं थांबायचं. वरची पापणी जरा खाली येते, कोंबाशेजारी सुई टोचून बघायची, वासरू हललं नाही तरच लोखंड. पण लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांत उतरतो आणि खरं दुखणं तेव्हा सुरू होतं, म्हणून सोबत दुखण्यावरचं मेलॉक्सिकॅम, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या वासराला २० मिलिग्रॅम. ही दोन्ही औषधं मिळून दोघांच्या पोहे-जलेबीइतका खर्च येतो मला. एवढंही आपण करू नये?

देपालपूरवाले काका
ताई, तुमची माया समजते पण माझी हयात गुरांत गेली. माझे वडील गोऱ्हे खच्ची करायला दगडावर बडवायचे, मी ते पाहिलंय, आता त्याला चिमटा आला, डागायला बिजलीचं लोखंड आलं, त्यामानाने आजची वासरं सुखात आहेत. तुमच्या पद्धतीत वासराला आधी सुयांसाठी धरा, सोडा, थांबा, मग परत धरा. धरलं की ते घाबरतं, त्याचं काय? आणि डॉक्टर आमच्याकडे बोलावल्या दिवशी कधी आलाय? आज येतो उद्या येतो करत तीन महिने जातात, तोवर कोंब कवटीला धरतो आणि मग करवत लावावी लागते, रक्ताच्या चिळकांड्या उडतात. त्यापेक्षा पंधराव्या दिवशी पटकन डाग देऊन मोकळं झालेलं बरं.

सांवेर_गोठा
काका, वयाचं तुमचं शंभर टक्के खरं. दोन महिन्यांच्या आत कोंब नुसता कातडीत असतो, नंतर हाडाला चिकटतो, उशीर करूच नये. पण डॉक्टर येत नाही म्हणून दुखू द्यायचं हे कसं पटवून घेऊ? आम्ही चार गोठेवाले मिळून एक दिवस ठरवतो, सगळी वासरं एकाच फेरीत.

राजवाड्याचा अभि
मला तर मुळात डागणंच पटत नाही. आपली माळवी गाय बघा, ती बाहेर वळून वर गेलेली शिंगं हीच तिची ओळख, पोळ्याला रंगवतो ती काय उगाच? मोकळं शेड करायचं, त्यात खूप गुरं कोंबायची आणि मग शिंगं नडतात म्हणून जाळायची, ही माणसाची सोय झाली. जागा वाढवा ना. आणि लोखंड नको वाटत असेल तर कॉस्टिकची पेस्ट मिळते, त्यात काही दुखत नाही म्हणतात.

गोसेवक_महू रोड
अभि भिया, पेस्टचं कृपा करून पसरवू नका. तो क्षार आहे, लावल्यावर कितीतरी वेळ आत आत जाळत राहतो. पाऊस आला की ओघळून डोळ्यात जातो, दुसऱ्या वासराने चाटलं की त्याची जीभ जाते. लोखंड निदान दहा-पंधरा सेकंदांत उरकतं, कोंबाभोवती तांब्याच्या रंगाचा गोल दिसला की बस. जखम मात्र भरायला दीड-दोन महिने लागतात, हे लोक विसरतात.

ताईंशी मी सहमत आहे, एक सोडून. नस सापडवणं हाताला बसावं लागतं, वाचून कुणी सुई मारू नका. माझ्याही सुरुवातीला चुकल्यात, सुईने तपासलं म्हणून कळलं, नाहीतर सुन्न झालंय समजून तसंच डागलं असतं. आणि गुंगीचं इंजेक्शन तर डॉक्टरशिवाय अजिबातच नाही.

महूची विद्यार्थिनी
थोडं कायद्याचं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली शिंगं काढणं, खच्ची करणं, वेसण घालणं हे ठरलेल्या पद्धतीने केलं तर क्रूरतेत धरत नाहीत. म्हणजे मुभा आहे. पण मुभा आहे म्हणून दुखत नाही असं थोडंच? न्यूझीलंडने ऑक्टोबर २०१९ पासून वासराचे कोंब डागताना सुन्न करणं सक्तीचं केलंय, आणि तिथे एकेका गोठ्यात शेकड्यांनी वासरं असतात. दुखण्यावर दुकानातून काहीही आणू नका, गुरांसाठी डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध २००६ पासून बंद आहे, ते दिलेलं जनावर मेल्यावर खाऊन गिधाडं संपली त्यामुळे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं.

देपालपूरवाले काका
गिधाडांचं आम्हाला सांगू नका पोरी, लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की अर्ध्या तासात उतरायची, आता आभाळ रिकामं असतं.

लोखंडाच्या बाबतीत माझं मत अजून तेच आहे, पंधराव्या दिवशी, झटपट. पण खोटं बोलणार नाही, चिमटा लावल्यावर गोऱ्हा दोन दिवस मागचे पाय फाकवून उभा राहतो, बसायला बघतो आणि परत उठतो. ते बघवत नाही. घरची मंडळी त्या दिवशी गोठ्यात येतच नाहीत. दोन गोऱ्हे आहेत माझ्याकडे या वर्षीचे. ती मेलॉक्सिकॅम त्यांना चालेल का, आणि पाय फाकवायला लागले की द्यायची का?

गोसेवक_महू रोड
चालेल काका, पण दुखायला लागल्यावर नाही, चिमटा लावायच्या आधी. वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टर सांगतील, अंदाजाने देऊ नका. तुम्ही छातीचा घेर सुतळीने मोजून ठेवा, त्यावरून वजन काढता येतं. आणि सुन्न करायचं इंजेक्शन खच्ची करतानाही देतात, त्याच वेळी विचारून घ्या.

देपालपूरवाले काका
सुतळी आहे. उद्या सकाळी धार काढून झाली की मोजतो.