मदत हवी आहे : व्हीजीएवरून जुन्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला, आवाज येतो पण चित्र येईना

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या आसपास आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परत येतं. मागे राहिलेली चौदा लेकरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात आहेत. त्यांचे आईवडील फडातून, कोपीसमोरून (झोपडीसमोरून) छोटे व्हिडिओ काढून माझ्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात. संध्याकाळी चौदा डोकी माझ्या मोबाइलवर वाकतात. पहिलीतल्या लहानग्यांना मोठ्यांच्या पाठीशिवाय काहीच दिसत नाही.

शाळेत गावकऱ्यांनी दिलेला 21 इंची टीव्ही आहे, जुन्या पिक्चर ट्यूबचा. त्याला एचडीएमआय नाही, फक्त पिवळी आणि पांढरी अशी दोन एव्हीची भोकं आहेत. कॉम्प्युटरही जुना, मॉनिटरसाठी निळं 15 पिनांचं व्हीजीए तेवढं आहे. मोबाइलमधले व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतले आणि बीडहून दीडशे रुपयांची केबल आणली : एका टोकाला व्हीजीए, दुसऱ्या टोकाला लाल, हिरवी, निळी पिन. "टीव्हीला चालंल, घेऊन जा," असं दुकानदार म्हणाले होते.

आवाजाची वायर वेगळी जोडली, तो लगेच आला. एका आईचं "जेवलास का रे बाळा" स्पष्ट ऐकू आलं आणि तिचा मुलगा उठून थेट टीव्हीजवळ गेला. चित्र मात्र नाही. हिरवी पिन पिवळ्या भोकात घातली की निळा पडदा क्षणभर जातो, काळ्यावर करड्या तिरप्या रेघा लोळतात, परत निळा. रिझोल्यूशन 800 बाय 600 केलं, 640 बाय 480 करून पाहिलं. फरक नाही. टीव्ही खराब आहे का? केबल बदलू का?

प्रतिसाद 1
मॅडम, टीव्ही चांगला आहे, केबलही तुटलेली नाही. ती केबल या कामाचीच नाही. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा रंग तीन वेगळ्या तारांवर जातात आणि ओळ कुठे सुरू करायची याची खूण आणखी दोन तारांवर. टीव्हीच्या पिवळ्या भोकाला हे सगळं एकाच तारेत मिसळून लागतं. तुम्ही दिला नुसता हिरवा, खूण पोचलीच नाही, म्हणून रेघा लोळतात.

वेगही जुळत नाही. 640 बाय 480 ला कॉम्प्युटर सेकंदाला सुमारे 31,500 ओळी पाठवतो. आपला टीव्ही पॅल पद्धतीचा : 625 ओळींचं चित्र, सेकंदाला 25 वेळा, म्हणजे 15,625 ओळी. हे काम नुसत्या तारेचं नाही. मध्ये वीज लागणारा डबा हवा, त्याला व्हीजीए टू एव्ही कन्व्हर्टर म्हणतात. घेताना दिशा नीट बघा. एव्ही टू व्हीजीए नावाचा डबाही अगदी तसाच दिसतो, तो उलटं काम करतो.

प्रतिसाद 2
ताई, खर्च करण्याआधी कॉम्प्युटरच्या मागे एस-व्हिडिओचं गोल भोक आहे का बघा. काही जुन्या ग्राफिक्स कार्डांना टीव्हीसाठी ते असायचं, 4 किंवा 7 पिनांचं. असेल तर साध्या पिनेवर भागेल.

मूळ लेखिका
गोल दोन आहेत, एक जांभळं, एक हिरवं.

प्रतिसाद 2
ती कीबोर्ड आणि माउसची, 6 पिनांची. त्यात दुसरं काही घालू नका, पिना वाकतील. मग डबाच घ्या. आणि कोणी कितीही सांगितलं तरी टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका. ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ साठून राहतात.

मूळ लेखिका, आठ दिवसांनी
डबा आणला. यूएसबीची वायर कॉम्प्युटरलाच लावली, त्यावर चालतो. चित्र आलं! पण काळं-पांढरं आणि वरखाली सरकणारं. माझ्या तर पोटात गोळा आला. मग डब्याच्या कडेला नखाएवढं बटण दिसलं, एनटीएससी (बाहेरच्या काही देशांतली टीव्हीची पद्धत) आणि पॅल. ते पॅलवर सरकवलं आणि चित्र जागच्या जागी थांबलं, रंग भरले. आधी पाचटाचा पिवळा दिसला, मग कोणाच्या तरी आईची हिरवी साडी.

दोन अडचणी उरल्यात. चारही कडा थोड्या कापल्या जातात, आणि कॉम्प्युटरवरची अक्षरं वाचताच येत नाहीत. शिवाय स्पीकरमधून बारीक भुणभुण येते.

प्रतिसाद 1
कडा कापणं हा जुन्या टीव्हीचा स्वभाव. डब्यावर झूम किंवा साइझचं बटण असेल तर चित्र लहान करून घ्या. अक्षरं या टीव्हीवर बारीक दिसणारच, तिथे इलाज नाही. व्हिडिओची फाइल आधी मॉनिटरवर निवडा, फुल स्क्रीन करा, मग टीव्हीकडे वळा. धडे दाखवायचे तर अक्षरं फळ्यावर लिहितो तशी मोठी ठेवा. भुणभुणीसाठी टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावून बघा, आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून लांब ठेवा.

मूळ लेखिका
एका बोर्डावर लावलं, भुणभुण गेली. तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काल पहिलीतल्या मुलांना पुढे सतरंजीवर बसवलं, मोठी मागे. एकीनं वडिलांचा व्हिडिओ चार वेळा लावायला लावला. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात लाइट गेली, तर तिनं अंधारातच विचारलं, "बाई, आता उद्या कितीला?"