मदत हवी आहे : लॅबच्या जुन्या सिस्टिमवर उपग्रह चित्रांचं काम कसं उरकावं?

नमस्कार मंडळी. बेळगावात भूगोलात पीएचडी करतोय. कणकुंबी-जांबोटी ते खानापूर, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडच्या पट्ट्यात भात, काजू आणि जंगल किती वाढलं-घटलं ते उपग्रह चित्रांवरून काढायचंय.

लॅबमध्ये सिस्टिम भरपूर, पण सगळ्या विंडोज ७ आणि ४ जीबी रॅमच्या. आर्कमॅपचं (नकाशांचं विकतचं सॉफ्टवेअर) लायसन्स एकाच सिस्टिमवर, तिथं कायम कुणीतरी बसलेलं. त्याच कामाचं फुकटचं क्यूजीआयएस आहे, पण नवं विंडोज ७ वर चालत नाही, म्हणून ३.१० ही जुनी आवृत्ती घालून घेतली. (पासवर्ड लॅब असिस्टंटकडे. ते रजेवर की सगळंच रजेवर.) सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या एका टाइलला (चित्राच्या चौकोनी तुकड्याला) १० मीटर पिक्सेलच्या बँडमध्ये (प्रकाशाच्या एका पट्ट्याच्या थरात) १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल. असे चार बँड जोडले की १ जीबीच्या आसपास जातंय. वर्गीकरण (कुठला पिक्सेल भात, कुठला काजू, कुठला जंगल) सुरू केलं की सिस्टिम हँग, आणि मध्येच करंट गेला की परत पहिल्यापासून. यूपीएस आहे, नावाला.

दुसरी कटकट : गावांच्या नावांची यादी नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली मिळाली. क्यूजीआयएसमध्ये कन्नड अक्षरांऐवजी नुसता इंग्रजी कचरा दिसतो. काय करू?

घाटवाट : अख्खी टाइल कशाला चालवताय? आधी पाणलोटाच्या हद्दीपुरती कापून घ्या. त्याहून बरं, गूगल अर्थ इंजिन (कोड लिहून उपग्रह चित्रं तपासायची ऑनलाइन सोय) वापरा. संशोधनासाठी फुकट आहे, गणित त्यांच्या सर्व्हरवर होतं, तुम्हाला ब्राउझर पुरतो. क्रोम विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीपाशीच थांबलंय, तेव्हा स्वतःचा लॅपटॉप असेल तर तोच घ्या. पावसाळ्यातली चित्रं सोडाच, कणकुंबीवर ढगच दिसतील. सेंटिनेल-२ हे २०१५ पासूनचं. त्याआधीचं हवं तर लँडसॅट हे अमेरिकेचे जुने उपग्रह, पण तिथं पिक्सेल ३० मीटरचा. काजू आणि सदाहरित जंगल चित्रात सारखंच हिरवं दिसतं, त्यामुळे जागेवर जाऊन जीपीएस पॉइंट घेतल्याशिवाय सुटका नाही.

सीमाभागी : नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसतं, फॉन्ट बदलून उपयोग नाही. कन्व्हर्टरमधून यादी युनिकोडमध्ये काढा आणि सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारातच सेव्ह करा. एक्सेलमध्ये नुसतं सेव्ह दाबलं की परत प्रश्नचिन्हं येतात.

धागाकर्ता : नावं जमली की! क्लिप करून छोटा तुकडाही चालला. आता एकच : अर्थ इंजिनवर वर्गीकरण केलं तर प्रबंधात कोड जोडावा लागतो का? आमचे सर आर्कमॅपवाले, ते हे विचारणारच.